साडूभाऊंच्या तर्जनीस अनावृत पत्र

श्री. साडूभाऊ यांस,

स. न. वि. वि.

हे पत्र खासगीत धाडता आलं असतं. पण 'आमच्या साडूचं प्लॅस्टिकचं विमान आणि त्याचा तो चेहरा' हा एकपात्री प्रयोग तुम्ही तुमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर केलात आणि त्याला हशाही चांगला पडला, असं ताईंकडून कळलं. म्हटलं, उत्तरही चारचौघांतच द्यावं. मायन्यात नाव तुमचं असलं तरी पत्र तुमच्या उजव्या हाताच्या तर्जनीला आहे. बाकी माणूस म्हणून तुमच्याबद्दल काही तक्रार नाही. उचललं बोट, लावलं विमानाला, एवढाच काय तो दोष; तोही बहुधा जन्मजात असावा.

घटना तुम्हाला ठाऊक आहे, वाचकांसाठी सांगतो. दिवाळीचा फराळ चाललेला. एका हातात बशी, दुसऱ्या हाताची बोटं चकलीच्या तेलात न्हालेली. काचेच्या कपाटाला मी कुलूप लावत नाही, कारण आमच्याकडे येणारी लहान मुलं विचारून हात लावतात. तुम्हीही विचारलंत, नाही असं नाही. "उडतं का हो हे?" असं विचारलंत आणि उत्तराची वाट न बघता 1971 सालातलं मिग-21 एफएल नाकाला धरून उचललंत. मग 'टक्' असा आवाज झाला. तुम्ही इकडेतिकडे पाहिलंत, विमान पंखाला धरून परत ठेवलंत, आणि ठेवताना तोंड भिंतीकडे केलंत. साडूभाऊ, इतकी वर्षं ओळखतो तुम्हाला, पण पुरावा नष्ट करण्याचं हे अंग आजवर कुठे दडवून ठेवलं होतंत?

तुटली ती पिटो नळी. तुम्ही नंतर तिचा उल्लेख 'ती पुढची काडी' असा केलात, म्हणून जरा फोड करून सांगतो. विमान किती वेगाने चाललंय हे वैमानिकाला त्या काडीमुळे कळतं. समोरून घुसणाऱ्या हवेचा दाब नळीच्या तोंडाशी घ्यायचा, भोवतालच्या हवेचा दाब वेगळा घ्यायचा, आणि दोहोंच्या फरकावरून वेग काढायचा. हेन्री पिटो नावाच्या फ्रेंच अभियंत्याने ही युक्ती अठराव्या शतकात नदीच्या पाण्याचा वेग मोजायला काढली होती. विमानाने स्वतःच ढवळलेली हवा मापात येऊ नये म्हणून मिग-21 वर ही नळी नाकाच्या बरीच पुढे काढलेली असते. एफएलला ती हवा आत घेणाऱ्या गोल तोंडाच्या वर, बरोबर मधोमध. पुढच्या एम, बिस वगैरे आवृत्त्यांमध्ये ती वैमानिकाच्या उजव्या हाताला सरकली. मधोमध की उजवीकडे, यावरून आम्ही मॉडेल करणारी मंडळी एकमेकांची अक्कल काढत बसतो. तुम्ही तो वाद एका बोटाने मिटवलात. माझं विमान आता कुठल्याच आवृत्तीचं राहिलेलं नाही.

खरं विमान जमिनीवर उभं असतं तेव्हा या नळीवर आवरण चढवून त्याला लाल पट्टी लटकवतात. किडे-धूळ आत जाऊ नये म्हणून, असं मी आजवर वाचत आलो. आता वाटतं, हवाई दलातल्या मंडळींनाही साडू असणार.

आता गणित करू. माझं मॉडेल 1/48 मापाचं, म्हणजे खऱ्या विमानाचे 48 मिलिमीटर माझ्या टेबलावर एक मिलिमीटर. खऱ्या मिगच्या पंखांचा विस्तार 7.15 मीटर, माझ्याकडे जेमतेम 15 सेंटिमीटर. पिटो नळी काडेपेटीतल्या काडीहून बारीक. आणि डाव्या पंखावर तुमच्या तर्जनीचा जो तेलकट ठसा उमटलाय, तो दोन सेंटिमीटर भरतो. त्याला 48 ने गुणा. जवळजवळ एक मीटर! म्हणजे 1971 च्या युद्धाच्या ऐन धामधुमीत मीटरभराच्या बोटाचा कुणी राक्षस हवाई तळात शिरला, पहारेकऱ्यांच्या देखत चकली खाल्ली आणि विमानाला हात पुसून गेला. हा ऐतिहासिक प्रसंग माझ्या कपाटात कायमचा नोंदवल्याबद्दल आभारी आहे.

साध्या रंगाचं विमान असतं तर ठसा पुसून टाकला असता. पण हे उघड्या धातूच्या रंगातलं. त्या काळातली बरीच एफएल विमानं नुसत्या धातूच्या कातडीनिशी उडायची, आणि प्लॅस्टिकला धातूचं रूप देणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात खाष्ट काम. तुमची समजूत अशी दिसली की खोक्यातून विमान निघतं आणि आम्ही ते 'चिकटवतो'. खोक्यातून निघतात पॉलिस्टायरीनच्या चौकटी, त्यांना आम्ही स्प्रू म्हणतो, आणि त्यांना लटकलेले ढीगभर तुकडे. धड डावं-उजवं अशा दोन अर्ध्यांत येतं. दोन्ही अर्धे जुळवून धरायचे आणि फटीला पातळ सिमेंटचा ब्रश नुसता टेकवायचा. ते आपसूक फटीतून धावत जातं. ते डिंकासारखं दोन कडांच्या मध्ये बसत नाही, कडाच विरघळवतं. किंचित दाबलं की मऊ झालेल्या प्लॅस्टिकची केसाएवढी वरंबी सांध्यावर उभी राहते. ती दिसली की समजायचं, सांधा बसला. पुरतं वाळल्यावर ती वरंबी वॉटर पेपरने घासायची, आधी 400 नंबर, मग 600, 1000, 2000. घासताना शेजारच्या पत्र्यांच्या कोरीव रेघा बुजतात, त्या सुईने पुन्हा कोरायच्या. सांध्यावर एक दशांश मिलिमीटरची पायरी राहिली, तर खऱ्या विमानावर ती पाच मिलिमीटरची झाली. असलं विमान आमच्या नाशिकजवळच्या ओझरच्या विमान कारखान्यातून कुणी बाहेर सोडलं नसतं, आणि मी नाशिककर आहे, मला त्या गावाला तोंड दाखवायचं असतं.

यावर चकचकीत काळा रंग. हो, चंदेरी दिसायला आधी काळा. त्या काळ्या आरशावर एअरब्रशने धातूचे कण इतके विरळ मारायचे की खालचा काळेपणा वर चमक होऊन यावा. काळ्यात धुळीचा एक कण अडकला तरी तो चंदेरीखाली पुटकुळी होऊन बसतो. हे काम पावसाळ्यात करता येत नाही. लॅकरमधला द्रव उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि रंग दुधाळ होतो. त्यामुळे नाशिकचा श्रावण-भाद्रपद मी नुसता खिडकीतून ढगांकडे बघत काढला. मग ऊन पडल्यावर एकेक पत्रा वेगळ्या छटेचा दिसावा म्हणून टेप लावून पुन्हा फवारा. शेपटीकडचा, इंजिनाच्या झळा सोसणारा भाग जरा करपलेला. टेप काढताना श्वास धरायचा, कारण टेपला रंग आवडला तर ती त्याला बरोबर घेऊन जाते.

पंखांवरच्या तिरंगी गोलांबद्दलही तुम्ही 'स्टिकर छान मिळालेत' असा अभिप्राय दिलात. ते डिकॉल. कोमट पाण्यात सुटे करून सरकवत जागी न्यायचे असतात. खरबरीत रंगावर बसवले तर खाली हवा अडकते आणि पापुद्रा रुपेरी चकाकतो, म्हणून खालचा थर गुळगुळीतच लागतो. वरून मऊ करणारं द्रावण लावलं की डिकॉल आधी सुरकुततो. बघणाऱ्याला वाटतं, गेलं सगळं. त्या वेळी बोट लावायचं नाही, गप बसायचं. थोड्या वेळाने तो आपणहून कोरीव रेघांमध्ये उतरतो, रंगवल्यासारखा. बोट न लावता बसणं हा या छंदाचा निम्मा भाग आहे. तुम्हाला सुचवतोय असं नाही, आपली माहिती दिली.

'या वयात खेळण्यात काय जीव रमतो?' हेही विचारलंत, बायकोसमोर. 1942 च्या सुरुवातीला अमेरिकेच्या नौदलाला ही खेळणी इतकी हवी होती, की त्यांनी देशभरच्या शाळकरी मुलांना 1/72 मापाची पाच लाख विमानं घडवायला सांगितलं. आकाशात दिसणारी आकृती आपली की शत्रूची, हे बघणाऱ्याने क्षणात ओळखावं म्हणून ती प्रशिक्षणाला वापरली. आणि 'उडतं का हो' याचं उत्तर तर त्याच्याही आधीचं. इंग्लंडच्या फ्रॉग कंपनीने 1936 साली 1/72 मापाची प्लॅस्टिकची विमानं विकायला काढली, तेव्हा त्या मालिकेचं नाव ठेवलं पेंग्विन. कारण हा पक्षी उडत नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर खोक्यावर छापून नव्वद वर्षं होत आली, साडूभाऊ. तुमच्यापर्यंत पोचायला टपालाला वेळ लागला.

एक शेरा मात्र मला हसण्यावारी नेता येत नाही. 'मिग ना? उडत्या शवपेट्या' असं तुम्ही चिवड्याचा बोकणा भरता भरता म्हणालात. अपघात झाले, खूप झाले, त्यात तरणेताठे वैमानिक गेले. त्यांच्या घरच्यांना हा शब्द वापरायचा हक्क आहे, तोंडी लावायला तो वापरू नये. ज्या एफएलचं नाक तुमच्या चिमटीत होतं, ती विमानं ओझरला बांधली गेली. आमच्या आळीतली कितीतरी माणसं सकाळी त्या कारखान्याची, म्हणजे एचएएलची, बस पकडायची. 12 डिसेंबर 1971 ला कच्छच्या आखातावर फ्लाइट लेफ्टनंट भारत भूषण सोनी यांनी एफएलमधूनच पाकिस्तानचं एफ-104 पाडलं, तेही तोफेने. एफएलच्या पोटात मुळात तोफ नव्हतीच, ती बाहेरून पेटीत लटकवलेली असे. माझ्या मॉडेलच्या पोटाखाली ती पेटी आहे. तुम्ही तिला पेट्रोलची टाकी म्हणालात. दोनच दिवसांनी मिग विमानांनी ढाक्यातल्या गव्हर्नर हाउसवर रॉकेटं टाकली आणि गव्हर्नरांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. एफएल 2013 च्या डिसेंबरात कलाईकुंडाला निवृत्त झालं. 1963 पासून चाललेलं मिग-21 चं सगळं पर्व 26 सप्टेंबर 2025 ला चंडीगडला संपलं. एवढ्या वर्षांत त्याला जे बघावं लागलं नाही, ते माझ्या दिवाणखान्यात बघावं लागलं.

आता तुमच्या सल्ल्याकडे येतो. नळी सापडली (तुमच्याच बशीत, चिवड्यातल्या शेंगदाण्याला टेकून, उचलून देताना तुम्ही ती शेव समजला होतात) तेव्हा तुम्ही उदारपणे म्हणालात, "त्यात काय, फेविक्विक लावा." आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. असल्या झटपट डिंकाची वाफ पारदर्शक प्लॅस्टिकवर पांढरी धरते, आणि मिगची काच नाकापासून हाताच्या अंतरावरही नाही. पण खरी मौज पुढे आहे. गुन्ह्याचा तपास करणाऱ्या प्रयोगशाळांमध्ये न दिसणारे बोटांचे ठसे उठवायला हीच वाफ वापरतात. ठशातल्या ओलाव्यावर आणि क्षारांवर ती जमते आणि एकेक रेघ पांढरी होऊन वर येते. म्हणजे तुमचं ऐकलं असतं, तर काचेवर, नाकावर, पंखावर तुमची बोटं रेघारेघांनिशी कायमची कोरली गेली असती. आरोपीने स्वतः पुरावा पक्का करायचं साहित्य सुचवलं, असं निदान आमच्या नात्यात तरी प्रथमच घडलं.

दुरुस्ती चालू आहे. पोलंडमध्ये लेथवर कातलेल्या पितळी पिटो नळ्या मिळतात. प्लॅस्टिकच्यापेक्षा बारीक, सरळ आणि टोकाला खरोखरीचं भोक असलेल्या. एक मागवली आहे. ती येईपर्यंत इंजेक्शनची सुई कापून बसवता आली असती, पण ते तात्पुरतं दिसतंच. नाकातला मोडका तुकडा हातड्रिलने काढताना पाऊण मिलिमीटरचं भोक अगदी मध्यावर पाडावं लागतं, ड्रिल घसरलं की चंदेरी रंगावर ओरखडा. पंखाचा पत्रा टेप लावून पुन्हा फवारीन. शेजारच्या पत्र्याशी छटा जुळणार नाही; खऱ्या विमानांवरही बदललेला पत्रा वेगळा दिसतो, असं बघणाऱ्यांना सांगेन. बिल पाठवत नाही. पितळी नळी आहे हे मात्र लक्षात असू द्या. ती आता मोडत नाही, बोटात घुसते.

संक्रांतीला येताय असं ताई म्हणाल्या. जरूर या. तोवर टेबलावर सुखोई-30 असेल, ओझरलाच बांधलेलं, त्याच्याही नाकावर अशीच नळी आहे. तिचा फोटो काढून तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. तो मात्र दोन बोटांनी हवा तेवढा मोठा करून बघा.

कळावे, लोभ असावा,

आपला,
नाशिकचा साडू