एकशे वीसचा बार

उमापुरात ‘बार’ या शब्दाला तीन अर्थ आहेत. मोसंबीवाले धरतात तो एक, मृगाचा नाहीतर आंब्याचा. भांडी घासायचा तो दुसरा. तिसरा हायवेला असतो आणि त्याचं नाव अण्णांसमोर, म्हणजे वडिलांसमोर, काढायचं नसतं. त्यामुळे गेल्या श्रावणात जेवता जेवता मी म्हणालो, “एकशे वीस बारचं घेऊन टाकू का?” तेव्हा बायकोच्या हातातली भाकरी हातातच राहिली आणि अण्णा म्हणाले, “एकशे वीस झाडाला पाणी कुठून आणशील?”

पाण्याचा मुद्दा अण्णांनी पहिल्याच वाक्यात काढला होता. मला तो कळायला साडेअकरा हजार रुपये लागले.

मी बोलत होतो ते गाडी धुवायच्या मशीनबद्दल. आमची गाडी सेकंडहँड आणि पांढरी. गेवराई तालुक्यातल्या काळ्या रानात पांढरी गाडी घेणं म्हणजे कोळशाच्या वखारीत धोतर नेसून नोकरी धरणं. पावसाळ्यात ही माती चाकाच्या वरच्या खोबणीत चढून बसते, दोन दिवस ऊन पडलं की तिची वीट होते, आणि मग खड्ड्यात चाक आपटलं की ती वीट अशी काही वाजते, की फिटर तीनदा सस्पेन्शन तपासतो. वॉशिंग सेंटरवर अडीचशे रुपये देऊन गाडी चकाचक करावी आणि गेवराई–शेवगाव रस्त्याने घरी यावं, तर वाटेत उसाचा ट्रॅक्टर भेटतोच. चकाचकपणाचं सरासरी आयुष्य वीस मिनिटं.

म्हणून घरीच मशीन. भाच्याला पुण्याला फोन केला. तो म्हणाला, “मामा, बार बघू नका, फ्लो बघा.” हे त्याने इंग्रजी व्हिडिओ बघून सांगितलं असलं तरी खरं होतं. बार म्हणजे दाब. गाडीच्या टायरात साधारण सव्वादोन बार हवा असते, आणि मशीनच्या खोक्यावर 120 लिहिलेलं असतं. एक बार म्हणजे साडेचौदा पीएसआय, म्हणजे सतराशेच्या वर पीएसआय! हा आकडा वाचून माणूस हरखतो. पण तो कमाल दाब असतो. लग्नपत्रिकेत नवरदेवाचं शिक्षण लिहितात, त्यातला प्रकार. प्रत्यक्ष काम चालतं ऐंशी-नव्वदच्या आसपास, आणि गाडीच्या रंगाला तेवढं पुष्कळ होतं. मळ वाहून नेतं ते पाणी. मिनिटाला सहा-साडेसहा लिटर देणारं मशीन घरगुती कामाला ठीक.

दुकानदाराला मात्र बारचाच आकडा तोंडपाठ. मी विचारलं, “मोटर कसली आहे?” तो म्हणाला, “चांगली आहे.” मोटरी दोन तऱ्हेच्या असतात. हलक्या मशीनमध्ये कार्बन ब्रशवाली, जी मिक्सरसारखी कोकलते. आणि जड, महाग मशीनमध्ये इंडक्शनची, जी आवाज कमी करते आणि जास्त टिकते. खिशाकडे पाहून मी कोकलणारी घेतली.

आता नोझल. खोक्यातून एक फिरवायचं टोक निघालं. पंखा करता येतो, सरळ धारही धरता येते. पंखा धरावा, टोक गाडीपासून फूट-दीड फूट लांब ठेवावं, असं कागदावर लिहिलेलं होतं. मी कागद वाचला, पण मशीन चालू करून झाल्यावर. बारीक सरळ धार मागच्या काचेवर धरली, तर तिथे पहिल्या मालकाने चिकटवलेली ‘आई-वडिलांची कृपा’ होती. तीन सेकंदांत ‘वडिलांची कृपा’ निघून अंगणात पडली. आई तेवढी राहिली. ओट्यावर बसलेल्या अण्णांनी ते वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि म्हणाले, “चालू दे. मशीनला कळतंय.”

पण खरं युद्ध विजेशी झालं. मशीन पंधराशे वॅटचं, म्हणजे साडेसहा-सात अँपिअर. मी ते जोडलं होतं गणपतीत माळा लावायच्या वायरीला. पाच मिनिटांत वायर इतकी तापली, की मांजर तिच्यावर येऊन बसलं. वायरमन आला, सोळा अँपिअरचा प्लग बसवला, जाड वायर दिली आणि जाताना सांगितलं, की शेतीची लाइट आली की इकडचं व्होल्टेज बसतं, तेव्हा चालवू नका. म्हणजे शेतीची लाइट नसताना, घरची असताना, ऊन नसताना, आणि हौदात पाणी असताना. या चार गोष्टींचा योग पंचांगात शोधावा लागतो.

पाणी. पैठणचा उजवा कालवा आमच्याच तालुक्यातून जातो, नाथसागराचं पाणी माजलगावकडे नेतो. पण कालवा तालुक्यातून जाणं आणि पाणी माझ्या अंगणात येणं यांत बरंच राजकारण वाहतं. मी बॅरलमधून पाणी खेचायचं ठरवलं. मशीन स्वतः ओढणारं असेल तरच हे जमतं, हे घेताना विचारावं. आणि पाइपच्या टोकाला बारीक जाळी हवीच, नाहीतर गाळ आत जाऊन पंपाचे व्हॉल्व्ह खातो. पाइपमध्ये हवा राहिली की मशीनला डांग्या खोकला होतो. आधी पाइप पूर्ण पाण्यात बुडवून भरून घ्यायचा, मग जोडायचा. दहा मिनिटं घोडा दाबून धरला तर साठ-पासष्ट लिटर लागतात, म्हणजे चार-साडेचार घागरी. साध्या पाइपने धुण्यापेक्षा हे खूप कमी आहे, हे मी बायकोला समजावलं. तिने घागरीच मोजल्या.

फेसाची कथा वेगळी. मशीनबरोबर आलेल्या बाटलीतून जे बाहेर पडलं, त्याला आमच्याकडे पाणी घातलेलं दूध म्हणतात. वेगळी फोमची बाटली घेतली, पितळी टोकाची, आत तारेची जाळी असलेली. त्या जाळीत पाणी, हवा आणि शाम्पू घुसळले जातात तेव्हा कुठे दाट फेस बनतो. पहिला प्रयोग बायकोच्या धुण्याच्या पावडरीने केला. फेस आला, पण त्याने रंगावरचं मेणही धुऊन नेलं. मग कृषी केंद्रातल्या मित्राकडे गेलो. तो म्हणाला, “स्टिकर टाक.” मी म्हणालो, “स्टिकरचं नाव काढू नको.” त्याच्याकडे स्टिकर म्हणजे फवारणीत मिसळायचं औषध, ज्याने थेंब पानावर गोळा न राहता पसरतो. कुळ शाम्पूचंच. तरी कपाशीचा माल गाडीवर मारायचा धीर झाला नाही. शेवटी गाडीचाच न्यूट्रल शाम्पू आणला. बोअरच्या जड पाण्यात तोही आधी क्षारांशी भांडतो आणि मग फेसतो.

पहिल्यांदा गाडी नीट फेसात बुडाली त्या दिवशी गल्लीतली पोरं “बर्फ! बर्फ!” करत धावली. मी लगेच फडकं घेऊन पुसायला गेलो, तसे अण्णा ओट्यावरून ओरडले, “हात लावू नको! भिजू दे!”

आमची गाडी उभी असते तिथे पूर्वी दावण होती. पोळ्याला अण्णा बैल ओढ्यात न्यायचे, पण घासायला घाई करायचे नाहीत. बैल पोटापर्यंत पाण्यात उभे करायचे आणि आपण काठावर तंबाखू मळत बसायचे. वाळलेलं शेण तसंच ओरबाडलं तर केस निघतात, कातडी सोलते. भिजून सुटलं, की मग काथ्याने केसांच्या दिशेने घासायचं. आदल्या दिवशी खांदेमळणीला लोणी-हळद चोळलेल्या खांद्यावर तर नुसता तळवा फिरायचा.

फेसाचं काम नेमकं हेच. काळ्या मातीतले बारीक खडे फडक्याखाली सापडले तर रंगावर रेघा मारतात. फेस त्यांना आधी सोडवतो. पाच मिनिटं थांबायचं, पण वाळू द्यायचं नाही. मग वरून खाली धुवायचं आणि त्यानंतर हात लावायचा. एवढं कळायला भाच्याने चाळीस मिनिटांचे तीन व्हिडिओ पाहिले होते.

धुऊन झाल्यावर बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके राहतात. आमची गाडी पांढरी असल्याने ते दिसत नाहीत. संबंध व्यवहारात माझी एवढी एकच निवड बरोबर निघाली.

हिशेब असा. मशीन 7,800. फोमची बाटली 1,400. पाइप आणि जाळी 650. वायर, प्लग, वायरमन 1,150. शाम्पू 500. एकूण 11,500. वॉशिंग सेंटरच्या अडीचशेने भागलं तर सेहेचाळीस धुण्यांत पैसे वसूल. आजवर पाच झाली. मशीन दिवाळीपासून मेहुण्याकडे शेवगावला आहे, सोलरच्या पाट्या धुवायला.