आदरणीय नाना यांस, साष्टांग नमस्कार

तीर्थरूप नाना यांस,



मी तालुक्याच्या गावी माजी सैनिकांचे अर्ज लिहून देतो. त्यामुळे आपली भेट वरचेवर होते. मेडिकल बोर्डाच्या कागदावर आपण इंग्रजी आद्याक्षरांनी वावरता : एन-ए-एन-ए. ‘नायदर अॅट्रिब्युटेबल नॉर अॅग्रव्हेटेड’, म्हणजे जवानाचा आजार लष्करी सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे बळावलेलाही नाही. आमच्या घरांत नाना म्हणजे वडीलधारं माणूस. तेव्हा वडीलधाऱ्याला लिहावं त्याच अदबीनं हे पत्र लिहितो आहे.

सर्वप्रथम आपले आभार. सातारा, सांगली, कोल्हापूर, नगर या भागांत जवानाच्या घरी आपण न बोलावता येता आणि मुक्काम ठोकता. जवान घरी पोचतो, त्याच्या आधी आपण त्याच्या ट्रंकेतल्या कागदांत पोचलेले असता.

आपल्या मितभाषीपणाला तर तोड नाही. माणसानं दहा-पंधरा वर्षं बर्फात, वाळवंटात, दाट जंगलात काढलेली असतात. त्या साऱ्याचा निकाल आपण एका ओळीत लावता. कारणं देऊन कागद खराब करण्याची सवय आपल्याला नाही. कारण नसल्यामुळे ते खोडून काढण्याची तसदीही जवानाला पडत नाही. केवढा हा विचार!

आपल्या वैद्यकीय दृष्टीपुढे तर हात जोडावेत. भरतीच्या मैदानावर पोरगं १६०० मीटर धावतं, बीम मारतं, छाती फुगवून दाखवतं. डॉक्टर त्याचे कान, डोळे, दात, गुडघे, तळपाय तपासतात. तळपाय सपाट निघाला तरी पोरगं माघारी. इतक्या चाळणीतून जो पार होतो त्याला लष्कर ‘शेप-वन’ म्हणतं. बारा वर्षांनी त्यालाच फिट येते आणि आपल्याला उमगतं, की हा रोग मुळात त्याच्या प्रकृतीतच होता! भरतीच्या डॉक्टरांना जे दिसलं नाही, ते आपल्याला त्याला घरी पाठवायच्या दिवशी नेमकं दिसतं.

आपण नियमांच्या वर आहात याचाही आम्हाला आदर आहे. १९८२ चे पात्रता नियम सरकारनंच लिहिले. सेवेत घेताना ज्या रोगाची नोंद नाही, तो सेवेतच उद्भवला असं धरावं, असं त्यांत आहे. हक्क सिद्ध करण्याचं ओझं जवानावर टाकू नये, असं आहे. शंका असेल तर तिचा फायदा जवानाला द्यावा, असंही आहे. इतका सरळ नियम वाचून आपला वेळ वाया जाऊ नये म्हणून आपण तो वाचतच नाही.

सिग्नल्स कोअरमधले धरमवीर सिंग आपल्याला आठवत असतील. १९८५ मध्ये भरती झाले. फिट येऊ लागल्या म्हणून १९९४ मध्ये त्यांना घरी पाठवलं. अपंगत्व २० टक्के, आणि शेजारी आपण. भरतीच्या कागदावर कसल्याही आजाराची नोंद नव्हती. सर्वोच्च न्यायालयानं २ जुलै २०१३ रोजी त्यांच्या बाजूनं निकाल दिला आणि वरचे सगळे नियम एकेक करून समजावून सांगितले. न्याय मिळायला १९ वर्षं लागली. इतक्या काळात एक पोर जन्माला येऊन भरतीला उभं राहतं.

बिजेंदर सिंग यांची कहाणी आणखी लांबली. ते सियाचेनला होते. फिट येतात म्हणून १९८९ मध्ये त्यांची सेवा संपली आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला २०२५ च्या एप्रिलमध्ये. आपण जवानाला दीर्घायुष्याची सवय लावता, नाना. लवकर मेला, तर निकाल बघणार कोण?

आपले धाकटे बंधू म्हणजे टक्का, त्यांचंही कौतुक केलं पाहिजे. डिसॅबिलिटी पेन्शनला किमान २० टक्के अपंगत्व लागतं. म्हणून बोर्डाच्या कागदावर ‘१५ ते १९ टक्के’ असा आकडा किती सहज उतरतो! आता हिशेब बघा. १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के रक्कम मिळते. २० टक्क्यांना त्या प्रमाणात पगाराच्या अवघे ६ टक्के. एवढीही रक्कम तिजोरीतून जाऊ नये म्हणून एक टक्का कमी लिहिणारा हात किती काटकसरी असेल!

या काटकसरीला २०१४ मध्ये सुखविंदर सिंग प्रकरणात न्यायालयानं हिसका दिला. अपंगत्वामुळे सेवेतून काढलंच असेल तर ते २० टक्क्यांहून अधिक धरलं पाहिजे, असं ठरलं. बरोबरच आहे. अपंगत्व इतकं किरकोळ होतं, तर जवानाला घरी पाठवलं कशाला? आणि घरी पाठवण्याइतकं मोठं होतं, तर पेन्शनच्या रकान्यात ते लहान कसं झालं?

त्याच वर्षी १० डिसेंबरला राम अवतार प्रकरणाचा निकाल आला. अपंगत्वाचा टक्का वर नेऊन ठरावीक टप्प्यावर धरण्याची सवलत, म्हणजे ५० च्या आतल्यांना ५० आणि त्यापुढे ७५ किंवा १००, ही मुदत पुरी करून निवृत्त झालेल्यांनाही मिळाली पाहिजे, असं न्यायालयानं म्हटलं. हे ऐकायला सरकार शेकडो अपिलं घेऊन गेलं होतं. जवानाच्या बाजूला कर्ज काढून केलेला एक वकील आणि समोर सगळा देश. अशी तोडीस तोड लढाई आपण लावून दिलीत, याबद्दल आभार.

आमच्या शेजारच्या गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री होते तेव्हा त्यांना ही कोर्टबाजी बोचली. २०१५ मध्ये त्यांनी तज्ज्ञांची समिती नेमली आणि त्याच वर्षी समितीनं अहवालही दिला. मिटलेल्या प्रश्नांवरची अपिलं मागे घ्या आणि आपल्याच सैनिकांशी भांडणं थांबवा, असं त्यात होतं. त्या अहवालाला दहा वर्षं उलटली तरी अपिलं चालूच आहेत. चिकाटी शिकावी तर आपल्याकडून.

उशीर करण्यातही आपली दूरदृष्टी दिसते. जवान हरतो तोवर ठीक, पण जिंकलाच तर? त्यासाठी २००८ च्या तरसेम सिंग निकालाचा आधार आहे. दावा उशिरा दाखल झाला तर मागची थकबाकी साधारणपणे तीनच वर्षांची मिळते. ज्याला नियम कोणी सांगितलाच नाही, ज्यानं आपलं वाक्य ब्रह्मवाक्य मानून वीस वर्षं शेतात मजुरी केली, त्याची मधली सतरा वर्षं सरकारजमा. आणि पेन्शन न मिळालेल्या जवानाचे सेवेचे कागद २५ वर्षांनी नष्ट करण्याची पद्धत आहेच. आधी पेन्शन नाकारायची, म्हणून कागद ठेवायचे नाहीत, आणि कागद नाहीत म्हणून पुन्हा पेन्शन नाकारायची.

औषधपाण्याची काळजीही आपणच वाहता. माजी सैनिकांसाठी १ एप्रिल २००३ पासून ईसीएचएस योजना आहे. पॉलिक्लिनिकमध्ये कार्ड दाखवावं, औषधं घ्यावीत, रेफरल मिळालं की यादीतल्या रुग्णालयात जावं. योजना चांगली आहे, तिच्यामुळे हजारो घरं तगली आहेत. पण तिच्या दारावर पेन्शन विचारतात. दहा वर्षांच्या आत आजारी पडून घरी आलेल्या जवानाला आपल्या एका ओळीमुळे वर्षानुवर्षं फक्त ग्रॅच्युइटी मिळाली, पेन्शन नाही. म्हणजे ज्याला लष्करानं आजारी म्हणून काढलं, त्यालाच लष्कराच्या दवाखान्याचं दार बंद! अलीकडे नियम थोडा सैल झाला, पण तो नव्यांसाठी. जुन्यांनी काय करावं, हे आपण कुठल्या रकान्यात लिहून ठेवलं असेल तर कृपया कळवावं.

ज्यांच्याकडे कार्ड आहे त्यांनाही आपण कसोटीला लावता. थकलेल्या बिलांमुळे खाजगी रुग्णालयं कॅशलेस नाकारतात, आणि सत्तरीतला सुभेदार काउंटरवर पोराच्या तोंडाकडे बघत उभा राहतो. त्याच्या छातीवरची पदकं तिथे चालत नाहीत.

खडकवासल्याचा उल्लेख केला नाही तर पत्र अपुरं राहील. एनडीएच्या प्रशिक्षणात पाठीचा कणा मोडलेली, मेंदूला मार लागलेली पोरं घरी जातात तेव्हा त्यांना ‘माजी सैनिक’ म्हणता येत नाही, कारण ती अधिकारी व्हायच्या आधीच मोडली. पेन्शनऐवजी त्यांना सानुग्रह रक्कम मिळते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली, तेव्हा कुठे त्यांच्या उपचारांचा प्रश्न हलला. अठराव्या वर्षी देशासाठी उडी मारली, ती कमिशन मिळायच्या आधी मारली, हा त्यांचा अपराध.

आणि ज्याची जखम दिसतच नाही, त्याचं काय? मनाच्या आजाराला तर आपण सर्वांत लवकर हात लावता. ‘प्रकृतीचाच दोष’ म्हटलं की झालं. मग गावात त्याला वेडा म्हणतात, बायको पदराखाली गोळ्या लपवून आणते, आणि आईवडील पोराचं लग्न का लावलं म्हणून एकमेकांना बोल लावतात. २०२५ च्या मे महिन्यात राजूमोन यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हेच दुखणं हाती घेतलं. स्किझोफ्रेनिया म्हणून घरी पाठवलेला जवान, आणि बोर्डाच्या मतामागे कारणच नाही. कारण न देता असं मत देता येत नाही, असं न्यायालयानं सुनावलं.

आता अदब थोडी बाजूला ठेवून बोलतो.

काही जण सवलतीचा गैरफायदा घेतात, अशी आपली बाजू मांडली जाते. निवृत्तीच्या तोंडावर रक्तदाब मोजून घेणारे असतीलही. त्यांना पकडा. त्यासाठीच २०२३ मध्ये नवे नियम आणले ना? पण लबाडाला पकडण्यासाठी नियम कडक करायचे आणि ते आधी खटाव-माणच्या शिपायावर चालवायचे, ही चौकशी नव्हे. लबाडाकडे वकील असतो. शिपायाकडे एक प्लॅस्टिकची पिशवी असते आणि तिच्यात डिस्चार्ज बुक.

साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातली ४६ माणसं पहिल्या महायुद्धात गेली. त्यांच्या स्मारकापुढे आजही लोक मान झुकवतात. मेलेल्या सैनिकाला मान देणं आपल्या समाजाला चांगलं जमतं. जो जिवंत परत आला, पण हात थरथरतो, रात्री झोपेतून ओरडत उठतो, त्याच्या वाट्याला मात्र आपण येता.

आणि असाच माणूस उभा राहिला तर काय होतं, हेही याच मातीनं पाहिलं आहे. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झाले. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी पोहण्यात भारताला सुवर्णपदक मिळवून दिलं. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. पुण्यात खडकीला १९७४ पासून कंबरेखाली लुळ्या झालेल्या सैनिकांचं पुनर्वसन केंद्र आहे, आणि पुण्यातच १९४४ पासून कृत्रिम अवयव केंद्र आहे. सैनिकाला पुन्हा उभं करणारे हात याच देशात आहेत. त्यांच्यापर्यंत पोचण्याच्या वाटेवर आपण आडवे बसला आहात.

आपल्या खांद्यावरून हे पत्र वाचणाऱ्या घरांना दोन शब्द सांगतो. मेडिकल बोर्डाच्या कागदांची पूर्ण प्रत मागून घ्या आणि जपा. नकाराच्या पत्रावर सही करून गप्प बसू नका, मुदतीत अपील करा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. अपील फेटाळलं तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं खंडपीठ मुंबईत आहे. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नव्हती, हे तुमचं सगळ्यात मोठं शस्त्र आहे. आणि दर वर्षाचा उशीर तुमच्या थकबाकीतून कापला जातो, हे विसरू नका.

आपल्याकडे, नाना, तीन मागण्या आहेत. यापुढे कुणाच्या कागदावर यायचं असेल तर कारणं घेऊन या : कोणता डॉक्टर, कोणता पुरावा, भरतीच्या वेळी तो रोग का दिसला नाही. जिथे न्यायालयानं प्रश्न मिटवला आहे, तिथे जवानाला पुन्हा कोर्टाची पायरी चढायला लावू नका. आणि ज्याला लष्करानं आजारी ठरवून घरी पाठवलं, त्याचे उपचार वाद मिटेपर्यंत थांबवू नका. पैशांचा हिशेब दहा वर्षांनी झाला तरी चालेल, फिट उद्या सकाळी येणार आहे.

यात दया कोणी मागितलेली नाही. शंकेचा फायदा सैनिकाला, हे सरकारनं स्वतःच्या हातानं लिहिलं आहे. जवानानं लष्कराला दिलेला शब्द पाळला. आता आपली पाळी आहे.

कळावे,

आपल्या ओळीखाली रोज अपील लिहिणारा,
एक अर्जलेखक