न विचारता चाललेलं

आमच्या शहरातली पाणचक्की बघायला नेलेला पाहुणा हौदाशी उभा राहिला की हमखास विचारतो, "मोटर कुठंय हो?" मोटर नाहीच. हर्सूलकडून जमिनीखालच्या खापरी नळांतून पाणी उताराने यायचं, भिंतीवरून धो धो कोसळायचं आणि त्या जोरावर जातं फिरायचं. अठराव्या शतकात बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातल्या फकिरांचं पीठ त्यावर निघे. मलिक अंबरापासून या शहराच्या पोटातून असे नहर गेलेले. वर बाजार भरायचे, गाद्या बदलायच्या, खाली पाणी आपल्या वाटेने चाललेलं. आता पाणी जायकवाडीहून पंपाने येतं, आणि आज येणार की परवा, यावर गल्लीत परिसंवाद झडतात.

माणसाच्या अंगातही या दोन्ही तऱ्हा आहेत. हात वर करायचा तर हुकूम मी देतो. पण हृदय, आतडी, घामाच्या ग्रंथी, डोळ्यांच्या बाहुल्या यांचा कारभार स्वायत्त चेतासंस्थेकडे. तिथे मला मत नाही. साधं खुर्चीतून उठणं घ्या. उठताक्षणी अर्धा लिटरच्या आसपास रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. मानेतल्या धमन्यांमध्ये दाब जोखणाऱ्या चेता आहेत, त्या मेंदूच्या तळाशी वर्दी देतात. लगेच रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदय ठोके वाढवतं, आणि काही सेकंदांत सगळं जागेवर येतं. तेवढ्यात मी काय करत असतो? चप्पल शोधत असतो. (वय झालं, किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असल्या, की ही वर्दी जरा उशिरा पोचते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. तेव्हा कुठे या खात्याची आठवण होते.)

खात्यात दोन शाखा. अनुकंपी शाखा संकटाची: बाहुल्या मोठ्या करते, ठोके वाढवते, तळहाताला घाम फोडते आणि पचनाला 'नंतर बघू' म्हणते. परानुकंपी शाखा निवांतपणाची. तिची मोठी नस व्हेगस, मेंदूपासून निघून छातीतून थेट पोटापर्यंत उतरलेली. हृदयाला त्याच्या एकट्याच्या मर्जीवर सोडलं तर ते मिनिटाला साधारण १०० ठोके टाकील. ते सत्तरच्या आसपास राहतं, कारण व्हेगस त्याला सतत धरून असते. हृदय प्रत्यारोपणात या नसा तुटतात, म्हणून नव्या हृदयाचे ठोके आरामातही बरेच जास्त असतात. म्हणजे माझा पिंड मुळात घाईचाच. मी शांत दिसतो ती व्हेगसची कृपा. सौ.ला हे सांगितलं तर म्हणाली, "घाई? तुमची? कधी दिसली नाही ती."

आमच्या शेजारच्या काकांना मात्र हा कारभार स्वतःच्या देखरेखीखाली हवा आहे. मुलाने पुण्याहून मनगटावरचं घड्याळ पाठवलंय. सकाळी हिमायतबागेत दोन पावलं टाकली की काका थांबून बघतात. "७८! काल ७२ होते." काळजी वाटते, काळजीने ८४ होतात, ८४ बघून ९० होतात. अनुकंपी शाखेला आयतंच काम. काकू शेवटी म्हणाल्या, "अहो, ते काढून ठेवा आणि दूध घेऊन या." दूध येईपर्यंत नाडी कितीवर आली कुणास ठाऊक, घड्याळ टेबलावर होतं.

या कारभारात हात घालण्याचा खराखुरा उद्योग आपल्याकडे झालेला आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि योगक्रियांना चक्क यंत्रांपुढे बसवलं. पुढे वेंगर, बागची आणि आनंद या तिघा शास्त्रज्ञांनी हृदय थांबवतो म्हणणाऱ्या योग्यांची भारतात तपासणी केली. त्यांचा निबंध १९६१ साली आला. श्वास कोंडून, छातीचे आणि पोटाचे स्नायू ताणून योग्यांनी मनगटाची नाडी जवळजवळ नाहीशी करून दाखवली. विद्युत आलेखावर मात्र हृदय चाललेलंच. छातीतला दाब वाढल्याने हृदयाकडे परतणारं रक्त अडत होतं, एवढंच. मला यात योग्यांचा पराभव दिसत नाही. उंबऱ्यापर्यंत तरी ते गेले. बाकी आपण सगळे अंगणातच.

एक खिडकी तेवढी आपल्याला उघडी आहे, श्वासाची. तो आपोआप चालतो आणि सांगितलं तर ऐकतोही. श्वास घेताना ठोके किंचित वाढतात, सोडताना किंचित उतरतात. म्हणून सावकाश सोडलेला श्वास व्हेगसच्या कानावर जातो. पण अरेरावी चालत नाही. श्वास रोखून बसा, रक्तात कार्बन डायऑक्साइड साचला की खालून हुकूम येतो आणि तोंड उघडतंच.

सगळ्यात बेबंद आतडी. त्यांच्या भिंतींमध्ये चेतापेशींचं स्वतःचं जाळं आहे, कोट्यवधी पेशींचं, आणि मेंदूशी नातं तोडलं तरी ती अन्न पुढे ढकलत राहतात. जुन्या शहरातून जाताना नान-खलियाचा वास आला की तोंडाला पाणी सुटतं, पोटात रस झरायला लागतात. जेवून आलोय, हे कोणी ऐकत नाही. एकदा संत एकनाथ रंगमंदिरात नाटक ऐन रंगात आलेलं. नायिकेने पत्र उघडलं, वाचलं, आणि काही न बोलता खाली बसली. सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल. त्या क्षणी माझ्या पोटाने, पहिल्या रांगेपर्यंत जाईल असं, लांबलचक निवेदन केलं. मी लगेच शेजारच्या गृहस्थांकडे रागाने पाहिलं.