डोकं गाडीचं, कुलूप कंपनीचं

गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडकडे जाताना बोलेरो बंद पडली की आधी टॉर्च लागते, मग पाना. अलीकडच्या गाड्यांना आणखी एक गोष्ट लागते, कंपनीची परवानगी. टॉर्च आणि पाना आपल्या मिस्त्रीकडे असतात. परवानगी त्याला कुणी देत नाही, आणि हा अन्याय आहे.

गाडीचा ईसीएम म्हणजे ज्याला आपण सरळ ‘गाडीचा कम्प्युटर’ म्हणतो ती ॲल्युमिनियमची चपटी पेटी. डिझेल केव्हा आणि किती फवारायचं, हे तीच ठरवते. पेटी गेली की स्टार्टर फिरत राहतो, पण इंजिन उचलत नाही. जुन्या कमांडर जीपमध्ये हे काम यांत्रिक पंप करायचा. तो बिघडला तर काढायचा, पंपवाल्याकडून करून आणायचा, बसवायचा, एअर काढायची आणि निघायचं. १ एप्रिल २०१७ ला देशभर बीएस-४ लागू झालं, १ एप्रिल २०२० ला बीएस-६, आणि सगळा कारभार त्या पेटीकडे गेला. माझी त्याबद्दल तक्रार नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूर देशात चौथं होतं. इथल्या माणसाने स्वच्छ इंजिनाला विरोध करणं म्हणजे स्वतःच्याच छातीवर उठणं.

तक्रार पुढची आहे. नवा ईसीएम विकत आणला, चार बोल्ट आवळले, कनेक्टर लावले, तरी गाडी चालू होत नाही. पेटी कोरी असते. तिच्यात त्या मॉडेलचं सॉफ्टवेअर भरावं लागतं, गाडीचा १७ अक्षरी चॅसिस नंबर लिहावा लागतो. प्रत्येक इंजेक्टरवर कोरलेला कोड सिलिंडरच्या क्रमाने टाकावा लागतो, कारण दोन इंजेक्टर कधीच तंतोतंत सारखं डिझेल सोडत नाहीत आणि त्यांच्यातला फरक ईसीएम त्या कोडवरूनच भरून काढतो. शेवटी चावीतल्या चिपशी ओळख करून द्यायची, नाहीतर इमोबिलायझर इंजिन चालूच होऊ देत नाही. हे सगळं कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून, कंपनीच्या लॉगिनवर आणि बहुतेक वेळा कंपनीच्या सर्व्हरला विचारूनच होतं. पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी गेलं की भामरागडचा रस्ता बंद होतो, आणि नेटवर्क तर उन्हाळ्यातही रुसलेलं असतं. तिथे सर्व्हर कुठून आणायचा?

मग गाडी टो करून गडचिरोलीला न्यायची. तिथे नाही जमलं तर चंद्रपूर, तिथेही नाही तर नागपूर. भामरागड ते गडचिरोली हेच अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या घरात आहे. टोचं भाडं, गाडीचे बुडालेले दिवस आणि ईसीएमचं पाच आकडी बिल, असा तिहेरी मार बसतो. ज्याची पिकअप हप्त्यावर आहे त्याचा हप्ता यात थांबत नाही.

यात आणखी चीड आणणारी बाब आहे. ‘ईसीएम गेला’ म्हणून जी गाडी नागपूरपर्यंत जाते, तिचा ईसीएम पुष्कळदा धडधाकट असतो. सेन्सरना ५ व्होल्टचा पुरवठा ईसीएममधूनच जातो. त्या लाइनवरचा एक सेन्सर शॉर्ट झाला की लाइन खाली बसते आणि स्कॅनरवर एकदम चार-पाच कोड येतात. पाहणाऱ्याला वाटतं, डोकंच गेलं. अशा वेळी एकेक सेन्सरचा कनेक्टर काढत जायचं आणि ५ व्होल्ट कुठल्या क्षणी परत येतात ते मल्टिमीटरवर पाहायचं. बिघडलेला सेन्सर तिथेच सापडतो. दुसरी तपासणी अर्थची. स्टार्टर मारत असताना मीटरची एक तार इंजिनाच्या अंगाला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावायची. अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थची पट्टी काढून घासा आणि पुन्हा आवळा. तिसरं, ईसीएमचा मोठा कनेक्टर काढून पिनांवर हिरवा थर धरला आहे का ते बघा. पूर्व विदर्भाच्या पावसात पाणी वायरिंगमधून आत झिरपतं. धानपट्ट्यात उंदीर वायर कुरतडतात. बॅटरीची तार आणि ईसीएमचा कनेक्टर न काढता चॅसिसवर वेल्डिंग मारलं तर तो करंट थेट ईसीएममध्ये घुसतो. चंद्रपूरचा ४७ अंशांचा मे महिना आतल्या सोल्डरलाही सुखाने राहू देत नाही. हे सगळं आपल्या मिस्त्रीला कळतं, किंवा दोन दिवसांत शिकवता येतं. ब्रह्मपुरीपासून सिरोंच्यापर्यंत हुशार हातांची वानवा नाही.

दार बंद असल्यामुळे हे हात मागच्या वाटेने जातात. भंगारातला ईसीएम आणायचा, जुन्या पेटीतला डेटा त्यात क्लोन करायचा, नाहीतर सरळ ‘इमो ऑफ’, म्हणजे इमोबिलायझरच बंद करायचा. क्लोनिंग नीट जमलं तर गाडी पळते. पण लिहिता लिहिता बॅटरीचं व्होल्टेज पडलं, तर अर्धवट लिहिलेली पेटी मृत होते. त्यासाठी स्थिर पुरवठा देणारं यंत्र लावायचं असतं. ते शिकवायचं कुणी? ज्यांच्याकडे ज्ञान आहे, त्यांनी ते तिजोरीत ठेवलं आहे.

कायदा याबाबत गप्प होता असंही नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला, तो नेमका याच कारणासाठी. सुटे भाग आणि तपासणीची उपकरणं स्वतंत्र गॅरेजना मिळाली पाहिजेत, आणि बाहेर काम केलं एवढ्यावरून वॉरंटी रद्द करता येणार नाही, असं आयोगाने बजावलं. कंपन्या अपिलात गेल्या. २०२२ च्या जुलैमध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच डिसेंबरात पोर्टल सुरू केलं. त्यात वाहनंही आहेत. पोर्टलवर पुस्तिका मिळते, सेवाकेंद्राचा पत्ता मिळतो. ईसीएममध्ये लिहिण्याचा अधिकार मिळत नाही, आणि अडलेल्या माणसाला हवा असतो तोच.

कंपन्या म्हणतात, कुलूप उघडलं तर चोऱ्या वाढतील आणि लोक प्रदूषणाचे नियम धाब्यावर बसवतील. चोरीची भीती खरी आहे. म्हणून चावीचं काम करणाऱ्या मिस्त्रीची नोंदणी करा, प्रत्येक कामाची नोंद ठेवा. प्रदूषणाचं मात्र त्यांनी बोलू नये. २०१५ साली फोक्सवॅगनची प्रदूषण चाचणीतली लबाडी उघडी पडली ती ईसीएमच्या सॉफ्टवेअरमधलीच होती, आणि ती गल्लीतल्या गॅरेजने घुसवलेली नव्हती. भारतातल्या सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या परत बोलवाव्या लागल्या. तेव्हाही कुलूप होतं, फक्त चोर आत होता.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ मध्येच गाडीदुरुस्तीचा हक्क मतपेटीतून मिळवला. तिथला स्वतंत्र मेकॅनिक जे-२५३४ प्रकारचं जोडणीयंत्र घेतो, कंपनीला ठरावीक मुदतीचे पैसे भरतो आणि अस्सल सॉफ्टवेअर टाकतो. फुकट कुणीच मागत नाही. आमचा मिस्त्रीही भरेल, एका दिवसाचा दर ठरवा. आणि नेटवर्क नसलेल्या तालुक्यांसाठी, गडचिरोलीत घेतलेली परवानगी काही दिवस नेटशिवाय चालेल अशी सोय करा.

आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटार व्हेईकल आणि मेकॅनिक डिझेल हे अभ्यासक्रम आहेतच. अहेरी आणि सिरोंचासारख्या तालुक्यांतल्या आयटीआयला प्रोग्रामिंगचं यंत्र, स्थिर पुरवठा आणि लॉगिन द्या. मुलं शिकतील आणि भागातल्या गाड्याही तिथेच दुरुस्त होतील.

हे कंपन्यांकडून करवून घ्यायची ताकद कुणाकडे आहे? चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत पोलीस, वनविभाग आणि आरोग्य खातं यांच्या गाड्या रात्रंदिवस धावतात. त्या सगळ्या सरकारी निविदेतून येतात. बाळंतिणीला घेऊन निघालेली रुग्णवाहिका एटापल्लीच्या रस्त्यावर लॉगिनअभावी उभी राहू शकते, हे ज्या अधिकाऱ्याला कळतं, त्याने पुढच्या निविदेत एक कलम घालावं: ईसीएम बदलण्याचं आणि प्रोग्राम करण्याचं साधन, सॉफ्टवेअर आणि प्रशिक्षण जिल्ह्यातच द्यायचं, आणि ते गाडीच्या पूर्ण आयुष्यासाठी. ज्या कंपनीला हे मान्य नाही, तिची बोली उघडूच नये.