उष्ट्या फळाचा भाव

आमच्या भिवापुरात प्लॅटफॉर्म म्हटला की तो रेल्वेचाच. इतवारीहून उमरेडमार्गे नागभीडला जाणारी छोटी गाडी त्याला लागायची. दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट. नागभीडला पोचलं की समोर गोंदिया-बल्लारशाची मोठी लाइन, साडेपाच फुटी. छोटीचा डबा मोठीवर चालत नसे, मोठीचा छोटीवर येत नसे. मधल्यामधी माणसं बोचकी डोक्यावर घेऊन इकडून तिकडं धावायची आणि दोन्हीकडच्या गार्डांना आपलीच गाडी खरी वाटायची. 2019 च्या नोव्हेंबरात रुंदीकरणासाठी छोटी गाडी थांबवली. त्यामुळे दिवाळीला भाच्यानं चकली मोडता मोडता "मामाजी, खरा प्रश्न प्लॅटफॉर्मचा आहे" असं म्हटलं, तेव्हा मला वाटलं, पोरगं गावाच्या प्रश्नांत लक्ष घालायला लागलं.

तो कॉम्प्युटरबद्दल बोलत होता. नागपूरच्या एका कॉलेजात मेकॅनिकलला त्याचा नंबर लागलेला. लॅपटॉप पाहिजे, आणि तो उष्ट्या सफरचंदाचाच पाहिजे.

आमच्यात उष्टं फळ देवाला चालत नाही. शबरीची गोष्ट वेगळी. तिनं बोरं चाखून दिली खरी, पण चाखल्याचे जास्तीचे पैसे लावले नाहीत.

"कितीले भेटते?" भाऊजींनी विचारलं.

"लाखाच्या आत बसते, बाबा."

शेतकऱ्याच्या घरात 'लाखाच्या आत' ही भाषा कर्जमाफीच्या यादीपुरतीच वापरतात. भाऊजींनी चहाची बशी खाली ठेवली. "मधात काय सोनं भरलं हाय का? चाळीस हजारात भेटते ना तिकडं. त्यातबी तेच बटनं, तेच टीव्ही."

भाच्यानं बाजू मांडली. बांधणी पाहा. टिकतं किती ते पाहा. चार वर्षांनी विकायला काढलं तरी भाव येतो. आणि बाबा, नावाला काही किंमत असते की नाही?

"नाव काय चाटाचं हाय? काम तेच होते ना?"

मी गप्प बसलो. कारण हाच गृहस्थ फेब्रुवारीत एका अडत्याच्या काट्यावर उभा असताना मी शेजारी होतो. भाऊजींनी पोत्याचं तोंड सोडलं, ओंजळभर लाल मिरची वर काढली आणि उन्हात धरली. "रंग पाहा. ठसका पाहा. हे गुंटूरची नाई, भिवापुरी हाय. जीआय भेटलं हाय आमच्या मिरचीले, सरकारी कागद हाय." अडत्यानं एक मिरची मोडली, बी पाहिलं, बोटं धोतराला पुसली आणि म्हणाला, "तिखट ते तिखट, पाटील. गिऱ्हाईक का कागद खाते?" भाव लावला तो सरसकट. घरी येईपर्यंत भाऊजी एकच वाक्य घोळवत होते : लोकायले माल समजत नाई.

तर दिवाळीच्या त्या बैठकीत गावातले तिन्ही पंथ आपसूक गोळा झाले. कॉम्प्युटर घ्यायचा म्हटलं की सल्ला द्यायला माणसं बोलवावी लागत नाहीत, चिवड्याच्या वासावर येतात.

पहिला पंथ भाच्याच्या मित्राचा. हा पुण्याला हिंजवडीत असतो आणि सुट्टीत आला की गावाकडं पाहुण्यासारखा बघतो. मुंबईला 2023 च्या एप्रिलमध्ये कंपनीचं स्वतःचं दुकान उघडलं तेव्हा हा तिथं जाऊन आलेला. 2025 मध्ये पुण्याला कोरेगाव पार्कात उघडलं तेव्हा तर हक्काचंच झालं. तिथं काय घेतलं, हे विचारल्यावर मात्र तो त्या दुकानाच्या काचांबद्दल बोलू लागला. त्याच्याकडूनच कळलं की या कंपनीनं 2021 मध्ये पडदा पुसायचं एक फडकं विकायला काढलं होतं, भारतात 1,900 रुपयांना. ज्या टापूत उमरेडच्या विणकरांनी रेशीमकाठी धोतरं विणली, तिथं ही बातमी जरा वेगळी ऐकू येते. ताईनं हातातलं पोतेरं खाली ठेवलं आणि त्याच्याकडं आदरानं पाहिलं.

दुसरा पंथ विज्ञानाच्या सरांचा. त्यांचं म्हणणं, सफरचंद काय आणि विंडोज काय, दोन्ही लुटारू, लिनक्स घ्या. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या पोरानं 1991 मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी त्याचं बी टाकलं, आज जगातले मोठमोठे सर्व्हर त्यावर चालतात, आणि किंमत शून्य. फुकट म्हटल्याबरोबर भाऊजी सावध झाले. बाजारात कोणी फुकट द्यायला लागलं की माणूस आधी पोतं उलटं करून पाहतो. "सगळं चालते का त्याच्यात?" सर म्हणाले, "सगळं." मग जरा थांबून, "प्रिंटर सोडून."

तिसरा पंथ आमच्या डीटीपीवाल्याचा. गावातली प्रत्येक लग्नपत्रिका, तेरवीचं कार्ड आणि वाढदिवसाचा बॅनर याच्या हातून गेलेला. त्याच्या यंत्रात विंडोज एक्सपी आहे, ज्याची देखभाल कंपनीनं 2014 मध्ये सोडली. त्यावर पेजमेकर 7 आहे, जो 2001 चा, आणि त्यानंतर आठवा निघालाच नाही. मराठी फॉन्टचं डोंगल तो रात्री घरी नेऊन देवघरात ठेवतो. "माझं दुकान चालून रायलं ना," एवढंच तो म्हणाला. या वादात ज्याच्या यंत्रानं खरोखर पैसे कमावले होते असा तो एकटाच. त्याचं कोणी ऐकलं नाही.

भांडण जुनं आहे. मॅकिंटॉश आला 1984 च्या जानेवारीत, 2,495 डॉलरला. विंडोज त्याच्या पुढच्या वर्षी. आमची खिडकी चोरली म्हणून सफरचंदवाले 1988 मध्ये कोर्टात गेले आणि हरले. गंमत म्हणजे माऊस आणि चित्रांवर टिचकी मारायची ही सगळी तऱ्हा दोघांच्याही आधी झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार होती. त्या झेरॉक्सचं नाव आमच्या गावात आधार कार्डाच्या छायाप्रतीपुरतं उरलं, तेही दोन रुपयाला एक.

मी माझ्यापुरता हिशेब मांडला. कोणी विचारलं नव्हतं. पण मास्तरकी केलेल्या माणसाला कोणी विचारावं लागत नाही.

मिरचीच्या सातऱ्यावर आमच्या बाया दिवसभर बसून देठ खुडतात. बोटांची आग रात्रभर जात नाही, म्हणून कित्येकजणी झोपताना हात पाण्यात बुडवून ठेवतात. हे सगळं कशासाठी, तर देठासकट मिरची तोलली की देठाचं वजन गिऱ्हाईकाच्या माथी बसतं, आणि बिनदेठीला भाव बरा येतो. तर या लॅपटॉपात मिरची किती आणि देठ किती?

मिरची आहे, हे खरं. 2020 च्या नोव्हेंबरात कंपनीनं स्वतःची चिप घातलेलं मॅकबुक एअर आणलं, 92,900 रुपयांना. पंखा नाही, आवाज नाही, आणि लाईन गेली तरी दिवसभर चालतं. भिवापुरात लाईन जाते तशी ज्या गावात जाते, तिथं या गुणाची किंमत पुण्याच्या दुप्पट धरावी. पण त्याच यंत्रात आठऐवजी सोळा जीबी मेमरी पाहिजे असेल तर वर 20,000. नंतर स्वस्तात बसवू म्हणाल तर सोय नाही, ती आतच कायमची बसवलेली. मग 2024 च्या ऑक्टोबरात कंपनीनं एअरमध्ये सोळा जीबी जुन्याच भावात देऊन टाकली. मधल्या चार वर्षांत लोकांनी जे वीस-वीस हजार भरले, त्याला आमच्या सातऱ्यावर देठ म्हणतात.

आणखी एक बारीक अक्षरातली गोष्ट. हे यंत्र 10 ते 35 अंश तापमानात वापरावं, असं कंपनी सांगते. आमच्याकडं मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. म्हणजे उन्हाळाभर लॅपटॉपच काय, आम्ही सगळेच वॉरंटीबाहेर.

हा हिशेब मी भाऊजींना ऐकवला आणि शेवटी सहज बोलून गेलो, "जाऊ द्या भाऊजी. लॅपटॉप ते लॅपटॉप."

भाऊजींनी माझ्याकडं पाहिलं. तोंडातला खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात गेला. अंगणाच्या कडेला जाऊन ते थुंकून आले, आणि म्हणाले, "तुमाले माल समजत नाई, मास्तर."

त्याच आठवड्यात सफरचंद घरी आलं. ताईनं खोक्याला कुंकू लावलं. यंत्राला लावू दिलं नाही.

पुढं कॉलेजात निराळंच निघालं. मेकॅनिकलवाल्यांना यंत्रांचे आराखडे काढायला जे सॉफ्टवेअर लागतं, ते फक्त विंडोजवर चालतं. पूर्वी सफरचंदाच्या पोटात इंटेलची चिप होती तेव्हा 2006 पासून कंपनीनंच दोन्ही चालवायची सोय दिली होती. स्वतःची चिप आली आणि ती सोय गेली. आता वर्षाचं भाडं भरून आणखी एक सॉफ्टवेअर घ्यायचं, ते सफरचंदाला भास करून देतं की आपण खिडकी आहोत. भाचा सांगत होता, भासातली खिडकी आराखडा अर्धा उघडते आणि तिथंच विचार करत बसते. शेवटी प्रयोगशाळेत जाऊन तो तिथल्या धुळकट यंत्रावर काम करतो आणि घरी आल्यावर मॅकबुकवर सिनेमे पाहतो. पडद्याचा रंग मात्र, तो शपथेवर सांगतो, फारच सुंदर दिसतो. भाऊजी त्याच्याशी सहमत आहेत. ते मिरची उन्हात धरतात, त्याच नजरेनं पडदा पाहतात.

एवढ्यावर भागलं असतं. पण यंदा ताईच्या बचत गटानं ठरवलं की मिरची अडत्याला देण्यापेक्षा दळून पाकिटं करायची आणि नागपूरच्या प्रदर्शनात विकायची. लेबल भाच्यानं मॅकबुकवर केलं. फार देखणं झालं. लाल रंग असा की बघूनच शिंक यावी. मग ते पेनड्राइव्हवर घालून डीटीपीवाल्याकडं नेलं, कारण छापणार तोच.

इथं वाचकांना मराठीचा खरा प्लॅटफॉर्म सांगायला हवा. विंडोज आणि मॅक ही शहरातल्या लोकांची भांडणं. आमची फाळणी झाली ती फॉन्टवरून. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, शिवाजी अशी घराणी, प्रत्येकाची अक्षरांची मांडणी वेगळी, आणि एकाचं लिहिलेलं दुसऱ्याकडं उघडलं की इंग्रजी अक्षरांची नुसती खिचडी. युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून आहे. तरीही छापखान्यात मजकूर नेला की विचारतात, "जुन्या फॉन्टमध्ये आहे ना?" माझे गेल्या चौदा वर्षांचे लेख त्या एक्सपीच्या पोटात आहेत. ते यंत्र गेलं तर मी लेखक होतो, याला पुरावा नाही. नागभीडला निदान हमाल तरी मिळायचे.

युनिकोड पहिली वेलांटी आपण बोलतो तशी ठेवतं, आधी 'म', मग वेलांटी. जुना फॉन्ट लिहितो तशी ठेवतो, आधी वेलांटी, मग 'म'. डीटीपीवाल्यानं भाच्याचा युनिकोडमधला मजकूर अक्षराला अक्षर असा जुन्या फॉन्टमध्ये बदलून पेजमेकरमध्ये आणला. चित्र बरोबर आलं, लाल रंग आला, ताईच्या गटाचं नाव आलं. 'भिवापुरी' त्यानं नजरेनं दुरुस्त केलं. पण त्याच्याखालच्या शब्दातली वेलांटी 'म'ला सोडून पुढच्या 'र'च्या डोक्यावर जाऊन बसली, आणि ती कोणाच्या लक्षात आली नाही. पाचशे लेबलं छापून, पाकिटांना चिकटवून झाल्यावर मी वाचलं :

भिवापुरी मरिची.

भाऊजींनी डोक्याला हात लावला. भाचा म्हणाला, चूक विंडोजची. डीटीपीवाला म्हणाला, चूक मॅकची. सर म्हणाले, लिनक्स असतं तर. ताई म्हणाली, पाकिटं उचला, गाडी आली.

प्रदर्शनात पहिला तासभर कोणी फिरकलं नाही. शेजारच्या टेबलावर साधं तिखट धडाधड खपत होतं. मग गॉगल डोक्यावर चढवलेल्या एक बाई आल्या, पाकीट हातात घेऊन दूर धरलं, जवळ धरलं. "मरिची? हा नवीन ब्रँड आहे का?"

भाऊजींनी माझ्याकडं पाहिलं. मी पेन्शनर माणूस, खोटं बोलायची सवय मोडलेली. खरं तेवढं सांगितलं. "मरीची म्हणजे ब्रह्मदेवाचा मानसपुत्र. सप्तर्षींतला एक."

"म्हणजे ऑरगॅनिक," बाई म्हणाल्या.

भाच्यानं तोंड उघडलं, ताईनं त्याच्या पायावर पाय ठेवला. भाऊजींनी शेजारच्या पाकिटापेक्षा चाळीस रुपये जास्त सांगितले. बाईंनी दोन घेतली, आणि मैत्रिणीला फोन करून आणखी चार. संध्याकाळपर्यंत टेबल रिकामं.

परतीच्या गाडीत उमरेड येईपर्यंत कोणी बोललं नाही. मग भाऊजींनी खिशातून मोबाइल काढला आणि डीटीपीवाल्याला लावला. "हजार छाप अजून," ते म्हणाले. "अन् आयक, त्या वेलांटीले हात लावू नको."