अध्यक्ष पाण्याखाली

भूगोलाच्या पुस्तकाचं ऐकायचं तर उष्ण कटिबंधात सुट्टी घालवायला हुडकेश्वरच्या माणसाने घराचं फाटकसुद्धा उघडायची गरज नाही. कर्कवृत्त आपल्या डोक्यावरून, मध्य प्रदेशातून जातं आणि नागपूर त्याच्या खाली, एकविसाव्या अक्षांशावर बसलेलं आहे. युरोपातला माणूस ज्या उष्ण कटिबंधासाठी वर्षभर पैसे साठवतो, त्यात आम्ही घरपट्टी भरून राहतो. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की कटिबंधातली उष्णता तर पुरेपूर मिळते. फक्त समुद्र बसवायचा राहून गेला.

समुद्राशी आमचा संबंध म्हणजे नागपूर स्टेशनवरची पिवळी पाटी. तिच्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, तीनशे मीटरच्या थोडी वर. 'सागर' नावाचा आमच्याकडे एक गांधीसागर आहे, तो तलाव निघतो. फुटाळ्याच्या काठावर कणीस खाताना जरा वारा सुटला की त्यालाच आम्ही चौपाटी म्हणतो. अशा माणसांनी समुद्रात उडी मारायला निघावं ही कल्पना अर्थातच अध्यक्षाची.

अध्यक्ष म्हणजे आमच्या लेआउटच्या नागरिक कृती समितीचा अध्यक्ष. समितीत तो आणि त्याचा रबरी शिक्का एवढेच सक्रिय सभासद. कॉलेजपासूनचा मित्र असल्यामुळे मी त्याला 'अध्यक्ष' म्हणतो आणि लगेच मागे 'बे' लावतो. पदाचा मान राहतो, मैत्रीही राहते.

म्हाळगीनगर चौकात तर्री-पोहे खाताना त्याने मोबाइल माझ्यासमोर धरला. त्याचा मुलगा पॅराशूटला लटकून तारकर्लीच्या आकाशात तरंगत होता.

"पाह्य," अध्यक्ष म्हणाला. "पोट्टे उडून राह्यले आणि आपण इथे पोहे खाऊन राह्यलो."

"अबे, आपलं वय काय, वजन काय?"

"दोरी किती किलोची आहे ते विचारून घेतलं मी. बसते आपलं."

झालं. घरी परवानगी लगेच मिळाली, इतकी लगेच की दोघांनाही जरा लागलंच. वहिनींची एकच अट होती: खर्रा बंद. निघायच्या दिवशी त्यांनी अध्यक्षाची बॅग स्वतः तपासली. तीत काही सापडलं नाही, कारण पुड्या आदल्या रात्रीच माझ्या बॅगेत आल्या होत्या. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी: सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून हात दुखेपर्यंत घोटला की जे तयार होतं तो खर्रा. तो तोंडात असताना माणूस बोलत नाही, हनुवटी वर करून हुंकार देतो. आमच्याकडचे निम्मे व्यवहार या हुंकारावर ठरतात.

मडगावची गाडी अख्खा महाराष्ट्र आडवा-उभा दाखवून दुसऱ्या दिवशी कुडाळला उतरवते. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा बोगदा लागला, साडेसहा किलोमीटरचा. तो संपेपर्यंत अध्यक्ष गप्प होता. उजेडात आल्यावर म्हणाला, "एवढ्यात आपण म्हाळगीनगरहून बर्डीला पोचलो असतो." नागपूरकर जगात कुठेही गेला तरी अंतर बर्डीपासूनच मोजतो.

आमचं रिसॉर्ट देवबागला होतं. देवबाग म्हणजे जमिनीची एक अरुंद पट्टी. पुढच्या दाराने समुद्र, मागच्या दाराने कर्ली नदी, मधे माड, घरं आणि एक रस्ता. लोक इथे उतरल्यावर समुद्राकडे धावतात. अध्यक्षाने पावलं टाकून रस्त्याची रुंदी मोजली. "मंजूर नकाशात किती फुटी आहे हा?" त्याने रिक्षावाल्याला विचारलं. रिक्षावाल्याने भाडं घेतलं आणि काही न बोलता निघून गेला.

खोली छान होती. खिडकीतून लाटा दिसत होत्या आणि झाडाखाली झोपाळा होता. अध्यक्षाने खिडकीच्या आत पाहिलं, बाहेर पाहिलं, मग पाणी घेऊन आलेल्या मुलाला विचारलं, "कूलर कुठे आहे?"

"कुलर? पाण्याचो?"

"हवेचा रे. खसच्या ताट्यांचा."

मुलगा मालकाला बोलवायला गेला. त्यांचं बोलणं मी झोपाळ्यात पडून ऐकलं. दोघंही आपापल्या हवामानाशी प्रामाणिक होते. आमची गरमी कोरडी. ताटीवर पाणी पडतं, ते उडून जाताना हवेतली उष्णता घेऊन जातं आणि अंगावर गार झुळूक येते. किनाऱ्यावरच्या हवेत आधीच इतकी वाफ भरलेली असते की तिच्यात आणखी पाणी उडायला जागाच नसते. तिथे कूलर लावला तर खोलीत फक्त ओलावा वाढतो. मालकाने हे एका वाक्यात सांगितलं: "ओ भाऊ, हंय अख्खो समुद्रच कुलर आसा, तरी घाम येता." मोबाइलवर तापमान ३३ दाखवत होतं. ३३ म्हणजे आमच्याकडे लग्नाचा कोट घालायची हवा. अध्यक्ष तासाभरात असा निथळला की मोबाइल त्याचा अंगठा ओळखेना.

स्कूबाची होडी दुसऱ्या दिवशी सकाळी होती. आधी फॉर्म. दमा आहे का, रक्तदाब आहे का, रात्री दारू घेतली का, पोहता येतं का. पोहता येत नसलं तरी चालतं, प्रशिक्षक सगळा वेळ पाठीमागून सिलिंडरला धरून असतो. बाकीचे दहा सेकंदांत सही करून मोकळे झाले. अध्यक्षाने चष्मा लावला, सगळं वाचलं आणि 'मी माझ्या जबाबदारीवर' या शब्दांवर पेन टेकवलं. "इथे 'संयुक्त जबाबदारीवर' करा." होडीतल्या पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. अध्यक्षाने स्वतःच दुरुस्ती केली, बाजूला सही केली आणि खिशात चाचपलं. शिक्का घरी राहिला होता.

मग तो रबरी सूट. जुन्या गादीवर नवा अभ्रा चढवताना जे होतं ते सगळं झालं: दोघं ओढताहेत, एक कोपरा बसला की दुसरा निसटतोय. चेन पोटाशी येऊन थांबली. प्रशिक्षक म्हणाला, "श्वास सोडा." अध्यक्षाने सोडला, चेन वर गेली, आणि पुढची पंधरा मिनिटं त्याने श्वास पूर्ण असा घेतलाच नाही.

प्रशिक्षक पंचविशीतला, काटक मुलगा. त्याने समजावलं: मास्कमध्ये नाक बंद राहतं, म्हणून श्वास फक्त तोंडाने. कान दुखले तर नाक चिमटीत धरून आतून फुंकर मारायची. खाली गेलं की पाण्याचा दाब वाढतो. दहा मीटरवर तो जमिनीवरच्या दुप्पट होतो. आपण त्याच्या निम्मंच जाणार, तरी कान आधी बोलतात. आणि काचेवर वाफ धरू नये म्हणून, "सगळ्यांनी मास्काच्या आतून थुका, बोटाने चोळा आणि पाण्यात विसळा."

अध्यक्ष थबकला. ज्या माणसाने उभं आयुष्य 'येथे थुंकू नये' या पाटीच्या सावलीत काढलं, त्याला कोणीतरी सरळ सरळ थुंकायला सांगत होतं. "नक्की ना?" त्याने विचारलं. "मागून पावती नाही ना फाडणार?"

"थुका हो."

अध्यक्षाने मान जराशी मागे नेली. आमच्या चौकातल्या लोकांना ही हालचाल ठाऊक आहे. ते बाजूला सरकतात. होडीतले लोक बाहेरगावचे होते. पुढच्या क्षणी मास्कची काच आतून कात रंगाची झाली आणि दोन ओघळ नाकाच्या रबरावरून खाली आले.

"ह्या काय?" प्रशिक्षकाचा आवाजच बदलला.

"खर्रा," अध्यक्ष म्हणाला. "थोडा होता अजून."

त्याला समुद्राच्या पाण्याने चुळा भरायला लावल्या. मास्क विसळला, पण काचेच्या कडेला एक छटा राहिलीच. "राहू द्या," अध्यक्ष म्हणाला, "गॉगलला पण टिंट असतेच." दोघंही एकाच वेळी एकाच समुद्रात उतरलो. मला तो निळा दिसला. अध्यक्षाला खाली संध्याकाळ झालेली दिसली, असं तो आजही शपथेवर सांगतो.

खाली काय असतं? आधी स्वतःच्या श्वासाचा आवाज, इतका मोठा की शेजारी कोणीतरी घोरतंय असं वाटतं. मग खडक, त्यांवर हलणारं शेवाळ, आणि काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे. ते अजिबात घाबरत नाहीत, उलट आपल्या बोटांना तोंड लावून बघतात, बहुतेक आदल्या पर्यटकाने ब्रेड दिलेला असतो म्हणून. एक मासा माझ्या मास्कसमोर थांबला आणि शांतपणे बघत राहिला. मीही बघत राहिलो. मला फार बरं वाटलं. बऱ्याच वेळाने कारण लक्षात आलं: कॉलेजपासून पहिल्यांदाच अध्यक्ष माझ्या शेजारी होता आणि बोलत नव्हता.

बोलत नव्हता, पण खुणा करत होता. पाण्याखालच्या खुणांचा नियम आम्हाला नीट सांगितला होता. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. नुसता अंगठा वर केला तर त्याचा अर्थ 'मला वर न्या'. आता सभेत, मोर्चात, व्हॉट्सअॅपवर ज्याने हजारो अंगठे दिले, त्याचा हात पाण्याखाली काय वेगळा चालणार? माशांचा थवा बघून अध्यक्ष खूश झाला आणि त्याने अंगठा वर केला. प्रशिक्षकाने त्याला वर नेलं.

"वर कित्याक इलात?"

"आवडलं म्हणून!"

पुन्हा खाली. पोपटी रंगाचा एक मोठा मासा दिसला. अंगठा. पुन्हा वर. शेवटी खडकाच्या कपारीत काहीतरी लांबट, ठिपक्याठिपक्यांचं वळवळलं, तेव्हा तर त्याने दोन्ही अंगठे वर केले. प्रशिक्षकाने ती आणीबाणी समजून त्याला थेट होडीत बसवलं. समुद्र जितका आवडला तितका कमी बघायला मिळालेला दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही.

हे सगळं शूट करून मोबाइलमध्ये टाकून देतात. अध्यक्षाने होडीतच तो व्हिडिओ लेआउटच्या ग्रुपवर पाठवला. पाच मिनिटांत पहिलं उत्तर आलं: 'अध्यक्ष, आज नळाले पाणी नाही आलं.'

त्या दुपारी जेवणात कोंबडी-वडे होते. मालवणी रस्सा नारळाच्या वाटणाचा, मसाला भाजलेला, चव उतरत जाणारी. आमची जीभ सावजीवर वाढलेली, जिथे भाजीवर बोटभर तेल तरंगतं आणि दुसऱ्या घासाला कानामागून घाम सुटतो. अध्यक्षाने एक वडा मोडून पाहिला आणि वाढणाऱ्या काकूंना विचारलं, "तर्री वेगळी देता का?" काकूंनी सोलकढी आणून दिली. गुलाबी रंग पाहून त्याने ती उन्हाळी सरबत समजून एका दमात प्यायली. मग लसूण लागली. क्षणभर गप्प राहून म्हणाला, "अजून एक." सोलकढीबद्दल मी एवढंच म्हणेन की मालवणने बाकी काही केलं नसतं तरी चाललं असतं.

सिंधुदुर्गावर मात्र अध्यक्ष खरोखर हलला. कुरटे बेटावर हा किल्ला शिवाजी महाराजांनी १६६४ साली बांधायला घेतला आणि तीन वर्षांत उभा केला. पायाला शिसं ओतलं, तीन किलोमीटरच्या आसपास तट आहे, चारी बाजूंनी लाटा आदळताहेत. गाइड हे सांगत होता तोवर अध्यक्ष नेहमीचा होता. "समुद्रात किल्ला तीन वर्षांत," तो म्हणाला, "आणि आपल्या गल्लीतली गटारलाइन?" पण पुढे विहिरी आल्या. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. भोवती खारा समुद्र आणि आत गोड पाण्याच्या विहिरी. अध्यक्ष कठड्याला धरून वाकला. ज्याच्या आयुष्याची उमेदीची वर्षं टँकरची वाट बघण्यात आणि बोअरवेलच्या पाण्याने पांढरे पडलेले नळ बदलण्यात गेली, त्याने ते पाणी बराच वेळ पाहिलं. मागची रांग खोळंबली. गाइडने हाक मारली. अध्यक्ष वळला आणि त्याने अत्यंत आदराने विचारलं, "टीडीएस किती आहे?"

पॅराशूटचं म्हणाल तर ते राहिलंच. दोरी बसत होती, पण अध्यक्षाला दोरीवाला बसला नाही. फारच तरुण होता म्हणे. मी आग्रह केला नाही.

शेवटच्या दिवशी त्सुनामी बेटावर गेलो. कर्ली नदी जिथे समुद्राला मिळते तिथे हा वाळूचा उंचवटा आहे, २००४ च्या त्सुनामीनंतर वर आला असं तिथले लोक सांगतात. आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी होती. समोर स्वच्छ, सपाट, मोकळी वाळू पसरली होती. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र. लोक केळीच्या आकाराच्या होड्यांवर बसून ओरडत होते, पाण्यात पडत होते आणि पैसे देऊन पुन्हा पडत होते. अध्यक्षाने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याची नजर वाळूवर होती. रिकामी जमीन दिसली की नागपूरच्या माणसाला जे होतं ते त्याला व्हायला लागलं होतं. त्याने एक काठी उचलली, वाळूत एक लांब रेघ मारली, मग तिला काटकोनात दुसरी.

"हे बे," तो मला म्हणाला, "तीस बाय पन्नासचे बसतात. इथून तीस फुटी रस्ता. हा कॉर्नरचा."

होडीवाला हसत बघत होता. "कसला चाललाहा?"

"याला आरएल आहे का?" अध्यक्षाने त्याला विचारलं. नागपुरात प्लॉट नियमित झाल्याचा हा कागद असतो. त्यावाचून मुलाचं लग्नसुद्धा अडतं. होडीवाल्याने डोकं हलवलं.

"एनए तरी?"

"ओ भाऊ, ह्या भरतीक पाण्याखाली जाता."

"पावसाळ्यात?"

"खंयचो पावसाळो? दिवसाक दोनदा."

अध्यक्षाने वाळूकडे पाहिलं. नदीच्या बाजूने पाणी चढायला लागलंच होतं. काटकोनाची एक बाजू पुसून ते कॉर्नरच्या प्लॉटमध्ये शिरलं. "आपल्या लेआउटात पण शिरते," तो माझ्याकडे वळून म्हणाला, "तरी लोक घेतातच ना?" लाट त्याच्या घोट्यापर्यंत आली. त्याने पँट वर दुमडली, काठी बगलेत धरली आणि होडीवाल्याच्या अगदी जवळ जाऊन हळू आवाजात विचारलं, "तरी पण, स्क्वेअर फुटाचा भाव काय चालू आहे?"

होडीवाल्याने इंजिनची दोरी हातात घेतली.

"आदी होडयेत बसा. मगे भाव सांगतंय."