हप्तेबहाद्दर

हप्तेबहाद्दराला उधळ्या म्हणणं हा त्याच्यावर धडधडीत अन्याय आहे. बाणेर-बालेवाडीच्या कुठल्याही मोठ्या सोसायटीच्या फाटकाशी सकाळी उभे राहा. कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवाल्याशी पाच रुपयांसाठी हुज्जत घालणारा चाळिशीचा एक गृहस्थ दिसेल. पायात बारा हजारांचे धावायचे बूट, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. तोच तो. पाच रुपये सुटले की विजयी मुद्रेनं तो तळघरातल्या पार्किंगमध्ये उतरतो आणि छत उघडणाऱ्या गाडीत बसतो. हे छत तो वर्षातून दोनदा उघडतो, तेही गावाकडचे पाहुणे आले तर. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये छत उघडून बसायला माणूस वेडा हवा, आणि आमचा माणूस वेडा नाही. हिशेबाला तर भलताच पक्का आहे. फक्त त्याच्या हिशेबात किंमत नावाचा रकाना नाही.

त्याचे वडील साताऱ्याकडचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक होऊन निवृत्त झालेले. दिवाळीला आले तेव्हा स्वयंपाकघरात दारावर स्क्रीन असलेला नवा फ्रिज उभा होता.

"केवढ्याला घेतलास?"

"साडेचार."

"साडेचार हजारात? बरा मिळाला की रे."

"महिना, बाबा."

"किती महिने?"

इथे हप्तेबहाद्दर अडखळला. अठरा असावेत. चोवीसही असतील. मेलमध्ये आहे कुठेतरी. "पण नो-कॉस्ट आहे," त्यानं ठासून सांगितलं. नो-कॉस्ट म्हणजे काय, तर रोख घेतला असता तर जी सूट मिळाली असती ती सोडायची, वर प्रोसेसिंग फी भरायची, आणि जे व्याज नाहीच म्हणतात त्यावर अठरा टक्के जीएसटी द्यायचा. मास्तरांनी चष्मा काढून पुसला. पोरांना सरळव्याज शिकवण्यात त्यांची हयात गेली होती.

घराची कथा आणखी सुरस. २०२० च्या सप्टेंबरात राज्य सरकारनं मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी उतरवलं. सवलत डिसेंबरअखेरपर्यंतच. हप्तेबहाद्दर तोवर वाकडला टू बीएचकेत भाड्यानं सुखात राहत होता. त्यानं लगेच गणित मांडलं. सत्तर लाखांचं दोन बेडरूमचं घर घेतलं तर वाचतात दोन लाख दहा हजार. एक कोटी दहा लाखांचं साडेतीन बेडरूमचं घेतलं तर वाचतात तीन लाख तीस हजार. जास्त बचत कशात आहे हे शेंबड्या पोरालाही कळेल. दसऱ्याला बुकिंग झालं. त्या अर्ध्या बेडरूममध्ये हल्ली ट्रेडमिल आहे आणि ट्रेडमिलवर इस्त्रीचे कपडे असतात.

मुहूर्ताच्या बाबतीत घर तसं सनातनी आहे. दसऱ्याला फ्लॅट, गुढीपाडव्याला गाडी, अक्षय्य तृतीयेला सोनं. उरलेल्या अर्ध्या मुहूर्तावर, म्हणजे दिवाळीच्या पाडव्याला, मुळशीकडच्या एनए प्लॉटचं टोकन दिलं. अर्धा मुहूर्त, म्हणून टोकनच. प्लॉटवर अजून गवताशिवाय काही उगवलेलं नाही, पण 'आमचं फार्महाऊस' असा उल्लेख सुरू होऊन दोन पावसाळे झाले.

कर्ज नव्वद लाखांचं, सातच्या आसपास व्याज, मुदत वीस वर्षं. अठ्ठावन्नाव्या वर्षी मोकळा होणार होता. तेव्हा रेपो रेट चार टक्के होता. मे २०२२ पासून रिझर्व्ह बँकेनं तो वाढवायला घेतला आणि पुढच्या फेब्रुवारीत साडेसहावर नेऊन ठेवला. बँकेनं हप्त्याला फारसा धक्का लावला नाही; थोडी रक्कम वाढवली आणि बरीचशी वर्षं वाढवली. आता तो अडुसष्टाव्या वर्षी मोकळा होणार. ही बातमी त्याला मेलनं आली आणि ती त्यानं वाचली नाही, कारण हप्ता जवळपास तोच होता. तेव्हापासून एक मात्र झालं. पतधोरण जाहीर व्हायच्या दिवशी तो टीव्हीसमोर असा बसतो की गव्हर्नर साहेबांनी याच्याच परवानगीसाठी भाषण थांबवलंय. २०२५ मध्ये फेब्रुवारी, एप्रिल आणि जून अशा तीन वेळा मिळून रेपो एक टक्क्यानं उतरला. दुसरा एखादा म्हणाला असता, चला, दोन-चार वर्षं सुटली. यानं त्याच आनंदात टॉप-अप लोन काढलं आणि घरच्यांना व्हिएतनामला नेऊन आणलं.

परदेश दौऱ्याचा खरा भाग विमानतळावरच उरकतो. कार्डावर दोन रुपये कापून घेऊन लाउंजमध्ये उपमा, इडली, पास्ता, कॉफी असं सगळं मिळतं, म्हणून हे कुटुंब सुटण्याच्या वेळेच्या चार तास आधी लोहगावला हजर असतं. "दोन रुपयांत चौघं जेवलो," हे तो परत आल्यावर आठवडाभर सांगतो. हे कार्ड मिळवायला वार्षिक फी दहा हजार. वर्षाला आठ लाख खर्च केला तर ती माफ. मार्च महिन्यात त्याच्या घरी येणारी खोकी पाहिली की समजावं, आठ लाखांना थोडे कमी पडतायत. दहा हजार वाचवण्यासाठी एवढी धडपड करणारा माणूस उधळा कसा?

त्याच्या अभिमानाचा कळस म्हणजे सिबिल स्कोअर. जुनी मंडळी मॅट्रिकचे मार्क सांगायची, त्या थाटात तो 'सातशे एक्याऐंशी' सांगतो. नऊशेपैकी. "बँकांचा विश्वास आहे आपल्यावर!" विश्वास आहेच. मात्र त्या आकड्यात बँकेतली शिल्लक, दागिने, पगार यांतलं काहीएक मोजलेलं नसतं. घेतलेलं कर्ज वेळेवर फेडता का आणि उधारीच्या मर्यादेतलं किती वापरता, मुख्यतः एवढंच. ज्यांनी जन्मात कर्ज घेतलं नाही त्या मास्तरांना स्कोअरच नाही. मुलाच्या मते ही घरातली जरा लाजिरवाणी बाब आहे.

पगार म्हणाल तर हातात दोन लाख ऐंशी हजार. वहिनींचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, एक लाख दहा. मास्तरांची पेन्शन चाळीस हजार, म्हणजे मुलाच्या पगारात अशा सात पेन्शनी बसतात. एक तारखेला पगार येतो. तीनला घर, पाचला गाडी, सातला टॉप-अप, दहाला प्लॉट. शाळेची फी तिमाहीला येते आणि दर तिमाहीला नव्यानं आश्चर्याचा धक्का देते. बारा तारखेनंतर घर कार्डावर चालतं. आणि वर्षाच्या शेवटी येणाऱ्या व्हेरिएबल पेवर सगळ्यांची भिस्त. ते सगळं चुकतं करणार, असं चार वर्षं ठरलेलं आहे.

यंदा व्हेरिएबल पे आला तो साठ टक्के. कार्डावर तीन लाख थकले. आता बँकेच्या बिलात एक अत्यंत गोड ओळ असते: किमान देय रक्कम पंधरा हजार. हप्तेबहाद्दराला हा आकडा हप्त्यासारखा दिसला, म्हणून ओळखीचा वाटला, म्हणून त्यानं तो भरला. तीन लाखांवर महिना साडेतीन टक्क्यांनी साडेदहा हजार व्याज, त्यावर अठराशे नव्वद जीएसटी. पंधरातले बारा हजार तीनशे नव्वद तिथंच गेले, मुद्दल हललं सव्वीसशे दहानं. शिवाय पूर्ण बिल न भरल्यामुळे नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही संपली. दुपारी कार्डावर आणलेल्या दुधाच्या पिशवीला दुपारपासूनच व्याज.

एका रविवारी घरात काटकसरीची बैठक बसली. पहिला ठराव, खर्चाची नोंद ठेवणारं ॲप घ्यायचं. घेतलं, वार्षिक वर्गणीत चाळीस टक्के सूट होती. मग कपात. वर्तमानपत्र बंद. दूध दीड लिटरचं एक लिटर. भांड्यांच्या मावशींना दिवाळीत कबूल केलेली दोनशेची वाढ पुढं ढकलली. (अशा बैठकांत पहिली कुऱ्हाड कुणावर पडते ते नीट बघून ठेवावं, सगळ्या घरांत तीच माणसं असतात.) गाडीचा विषय निघाला तेव्हा त्यानं लॅपटॉप मिटला. "आत्ता विकली तर रीसेल लॉस आहे." प्लॉट? "ती इन्व्हेस्टमेंट आहे." वीस हजारांची एसआयपी? "कंपाउंडिंगची जादू तुला कळत नाही." वहिनी म्हणाल्या, "कळते ना. तुझ्या एसआयपीला बारा टक्के मिळाले तर तू नाचतोस. कार्डाला वर्षाचे बेचाळीस टक्के मिळतायत. जादू त्यांच्याकडे जास्त आहे."

मावशींची वाढ वहिनींनी दुसऱ्याच दिवशी देऊन टाकली. मग सगळी कर्जं एका कागदावर लिहिली, व्याजाच्या उतरत्या क्रमानं. इतकी वर्षं त्या घरात ती तारखांच्या क्रमानं लिहिली जात होती. एसआयपी थांबवली, प्लॉट विकायला काढला. कार्ड मात्र वरच्या ओळीत तसंच बसलेलं. तेव्हा सासऱ्यांना फोन त्यांनीच लावला, आणि बोलायला नवऱ्याच्या हातात दिला.

"बाबा, चार दिवसांसाठी तीन लाख..."

मास्तर पहिल्या एसटीनं आले. जिल्हा बँकेतली ठेव मोडून आणली होती. बरोबर शंभर पानी वही. वहीत लिहिलं: तीन लाख, व्याज द.सा.द.शे. सात, हप्ता महिना पंचवीस हजार, एक तारखेला, बाकी सगळ्यांच्या आधी. खाली मुलाची सही, साक्षीदार म्हणून सुनेची. कार्डाचं बिल त्यांनी स्वतः समोर बसून भरायला लावलं आणि कार्ड आपल्या पाकिटात ठेवलं. मुलगा म्हणाला, "बाबा, लाउंज..." ते म्हणाले, "डबा न्यायचा."

गंमत अशी की हा हप्ता त्यानं एकदाही चुकवला नाही. तीस तारखेला रात्रीच साताऱ्याहून फोन येई. रिकव्हरीवाल्यांनी हेवा करावा असा आवाज. तीन महिने नीट गेले. चौथ्या महिन्यात बालेवाडीत कुठल्याशा नव्या टॉवरचं प्री-लाँच निघालं, आणि त्याच संध्याकाळी हप्तेबहाद्दरानं आपण होऊन वडिलांना फोन लावला. प्रकृतीची चौकशी केली. पावसाचं विचारलं. मग जरा थांबून म्हणाला, "बाबा, माझं रिपेमेंट रेकॉर्ड तर एकदम क्लीन आहे. तुमच्याकडे टॉप-अपची काही सोय?"

"आहे की," मास्तर म्हणाले. "तारण काय ठेवतोस? बँकेचं सोडून सांग."